रॉक क्रॉलरची चॅसी घरी बनवताना कोणता माल निवडावा

कराडला यंत्र अभियांत्रिकी शिकणाऱ्या एका विद्यार्थ्याचा प्रश्न थोडक्यात असा आहे: 1:10 मापाचा, 313 मिलिमीटर व्हीलबेसचा (पुढच्या आणि मागच्या ॲक्सलमधल्या अंतराचा) रेडिओ-नियंत्रित रॉक क्रॉलर, म्हणजे दगडांवर सावकाश चढणारी छोटी गाडी, बनवायचा आहे, ॲक्सल, गिअरबॉक्स, मोटर आणि शॉक (धक्के शोषणारे दांडे) तयार घेतले आहेत, चॅसी मात्र स्वतःच्या हाताने करायची आहे. हाताशी खिडक्यांच्या कामातले उरलेले ॲल्युमिनियम सेक्शन, 3 मिलिमीटरची लोखंडी पट्टी आणि ॲक्रिलिकचा एक तुकडा आहे, शिवाय महाविद्यालयात थ्रीडी प्रिंटर वापरता येतो. यांपैकी सर्वांत मजबूत काय, हे त्यांना जाणून घ्यायचे आहे.

मी कुपवाडच्या औद्योगिक वसाहतीत 25 वर्षे डाय आणि फिक्श्चरचे काम केले आहे, आणि मुलाच्या निमित्ताने सुरू झालेल्या या छंदात आतापर्यंत 11 चॅसी बनवल्या आहेत. त्या अनुभवावरून सांगतो की, 3 किलोच्या गाडीसाठी मजबुती हा सहसा अडचणीचा प्रश्न नसतो. अडचण येते ती ताठपणात, दगडावर घासणाऱ्या पृष्ठभागात आणि स्क्रू जिथे बसतो त्या भोकात. त्यामुळे संपूर्ण चॅसीसाठी एकच माल शोधण्याऐवजी प्रत्येक भागाला काय काम करायचे आहे ते ठरवून त्या भागापुरता माल निवडावा.

हे पटण्यासाठी एक ढोबळ हिशेब करून पाहा. गाडीचे सगळे वजन, म्हणजे साधारण 30 न्यूटन, व्हीलबेसच्या बरोबर मध्यावर आहे आणि ते दोन रेलवर, म्हणजे चॅसीच्या लांबीच्या दोन मुख्य पट्ट्यांवर, सारखे वाटले गेले आहे असे धरा. प्रत्येक रेलवर सुमारे 1.17 न्यूटन-मीटर इतका वाकवणारा आघूर्ण येतो. रेल म्हणून 25 मिलिमीटर उंचीची आणि 3 मिलिमीटर जाडीची सपाट पट्टी उभी लावली, तर तिच्यातला ताण 4 मेगापास्कलच्याही खाली राहतो. गाडी दगडावरून आपटली आणि हा भार दहापट झाला असे मानले, तरी तो 40 मेगापास्कलच्या आत असतो, आणि भांड्यांच्या पत्र्यासारखे अगदी मऊ ॲल्युमिनियम सोडले तर कोणताही धातू इतका ताण चिंता न करता सोसतो. आता तीच पट्टी आडव्या दिशेने, म्हणजे गाडी कुशीवर पडल्यावर बसणाऱ्या धक्क्यासारखी, वाकवून पाहा. तोच दहापट भार आता सुमारे 310 मेगापास्कल ताण निर्माण करतो, आणि 6061-टी6 सारख्या चांगल्या ॲल्युमिनियम मिश्रधातूची वाकून परत न येण्याची मर्यादा 276 मेगापास्कल आहे. ताठपणाची गोष्ट तर याहून वाईट आहे, कारण वाकण्याला होणारा विरोध त्या दिशेच्या मापाच्या घनाप्रमाणे बदलतो, आणि म्हणून ही पट्टी उभ्या दिशेत जितकी ताठ आहे त्याच्या जवळजवळ 69 पट कमी ताठ ती आडव्या दिशेत आहे. थोडक्यात, पट्टी कशाची आहे यापेक्षा तिला आडव्या दिशेने आधार कोण देतो हे आधी पाहावे लागते, आणि तो आधार आडव्या सदस्यांनी, म्हणजे क्रॉसमेंबरनी, द्यायचा असतो.

पिळाचाही विचार इथेच करावा. क्रॉलर दगडावर चढताना पुढचे डावे चाक वर आणि मागचे डावे चाक खाली अशी स्थिती सतत येते, आणि ती सामावून घेणे हे लिंक (ॲक्सलला चॅसीशी जोडणाऱ्या सळया) आणि शॉक यांचे काम आहे. चॅसी स्वतः पीळ खाऊ लागली तर शॉकची मांडणी कितीही काळजीपूर्वक केलेली असली तरी गाडी एका बाजूला झुकते, आणि हा पीळ सोडताना त्याला शॉकमधल्या तेलासारखे आवरणारे काही नसल्यामुळे चाक दगडावरून झटक्याने सुटते. थोडी लवचिक चॅसी पकड वाढवते असे काही जण मानतात, मला ते पटत नाही. अगरबत्तीचा पुठ्ठ्याचा नळा घेऊन पिळून पाहा, आणि मग तोच नळा लांबीच्या दिशेने ब्लेडने चिरून पुन्हा पिळून पाहा. बंद आणि उघड्या आकारातला फरक हाताला लगेच कळतो. म्हणून निदान दोन क्रॉसमेंबर सपाट पट्टीऐवजी नळी किंवा चौकोनी पाइपचे असावेत आणि मधली स्किड प्लेट, म्हणजे तळाला दगडावर घासणारी प्लेट, दोन्ही रेलना प्रत्येकी दोन नव्हे तर तीन-तीन स्क्रूंनी बांधलेली असावी.

आता रेलसाठी मालाचा विचार करू. 400 मिलिमीटर लांब, 25 मिलिमीटर उंच आणि 3 मिलिमीटर जाड रेलचे घनफळ 30 घन सेंटिमीटर होते. ती ॲल्युमिनियमची असेल तर 81 ग्रॅम, लोखंडाची असेल तर 235 ग्रॅम, ग्लास-इपॉक्सीची असेल तर सुमारे 55 ग्रॅम आणि कार्बन फायबरची असेल तर सुमारे 48 ग्रॅम भरते. दोन रेल धरल्या तर ॲल्युमिनियम आणि लोखंड यांच्यात 300 ग्रॅमपेक्षा जास्त फरक पडतो, आणि ते वजन नेमके नको तिथे, म्हणजे ॲक्सलच्या वर, बसते.

हा फरक चढावर किती जाणवतो हे समजून घेण्यासारखे आहे. चढावर गुरुत्वमध्याचा भार मागच्या बाजूला सरकतो, आणि हे सरकणे गुरुत्वमध्याची उंची गुणिले उताराच्या कोनाचा टॅन्जंट इतके असते. 45 अंशांच्या चढावर टॅन्जंट 1 असल्यामुळे गुरुत्वमध्य जमिनीपासून 80 मिलिमीटर उंच असेल तर भार 80 मिलिमीटर मागे सरकतो. सपाटीवर पुढे-मागे निम्मे-निम्मे वजन असलेल्या 313 मिलिमीटर व्हीलबेसच्या गाडीत मग पुढच्या ॲक्सलवर फक्त 24 टक्के वजन उरते, पुढची चाके हलकी होतात आणि गाडी मागे उलटण्याकडे झुकू लागते. तीच गाडी सपाटीवर पुढे 60 टक्के वजनाची केली आणि गुरुत्वमध्य 60 मिलिमीटरवर आणला, तर त्याच चढावर पुढे 41 टक्के वजन राहते. लोखंडी रेलचे जादा 300 ग्रॅम चॅसीच्या उंचीऐवजी पितळी वजनांच्या रूपाने ॲक्सलपाशी बसवले, तर माझ्या हिशेबाने सगळ्या गाडीचा गुरुत्वमध्य 5 ते 6 मिलिमीटर खाली येतो. हा आकडा लहान दिसतो, पण चढावर चाक सुटणे आणि न सुटणे यांतले अंतर बहुधा इतकेच असते. पितळ महाग वाटत असेल तर टायरच्या दुकानात चाकांचा तोल साधण्यासाठी 5 आणि 10 ग्रॅमची चिकटवण्याची वजने मिळतात, ती रिमच्या आतून लावता येतात. मात्र ती शिशाची असतील तर हाताळल्यावर हात साबणाने धुवावेत.

म्हणून पहिल्या चॅसीसाठी माझी शिफारस ॲल्युमिनियमच्या रेलची आहे. तुमच्याकडचे खिडक्यांचे सेक्शन बहुतेक 6063 या मिश्रधातूचे असते. त्याची मर्यादा टी5 या उष्णोपचाराच्या अवस्थेत साधारण 145 मेगापास्कल आहे, म्हणजे 6061-टी6 च्या निम्म्याच्या आसपास, पण त्याचा आकार पन्हळीसारखा असेल तर आडव्या दिशेचा ताठपणा आपोआप मिळतो आणि मजबुतीतली ही उणीव भरून निघते. त्याची भिंत मात्र बहुधा 1.2 ते 1.5 मिलिमीटरचीच असते, त्यामुळे तिच्यात आटे पाडून स्क्रू धरण्याचा विचार करू नका. आरपार भोक पाडून मागे वॉशर आणि नायलॉक नट (आत नायलॉनचे कडे असलेला, सहज न सुटणारा नट) लावावा. मिरज किंवा कुपवाडकडच्या भंगाराच्या दुकानांत यंत्रांच्या कव्हरचे ॲल्युमिनियम तुकडे वजनावर मिळतात, पण तिथे प्रत कोणती हे सांगणारा कुणी नसतो. लहानसा तुकडा व्हाइसमध्ये धरून वाकवून पाहावा. सहज वाकून तसाच राहिला तर तो मऊ व्यापारी पत्रा आहे आणि तो रेलसाठी घेऊ नये; स्प्रिंगसारखा परत येत असेल, आणि फार वाकवल्यावर बाहेरच्या बाजूने चिरत असेल, तर तो उष्णोपचार केलेला कठीण मिश्रधातू आहे.

हे चिरणे मी स्वतः अनुभवले आहे. माझ्या तिसऱ्या चॅसीत पुढचा भाग अरुंद करण्यासाठी मी 6061-टी6 ची 3 मिलिमीटर पट्टी व्हाइसच्या धारदार जबड्यात धरून वाकवली, वाकवण्याची रेघ पोलादी सुईने आखली होती, आणि वरून रंग दिल्यामुळे त्या रेघेवर पडलेली केसासारखी चीर दिसली नाही. दुसऱ्याच वेळी गाडी बाहेर नेली तेव्हा ती रेल तिथेच दोन तुकडे झाली. चूक दोन ठिकाणी होती. कठीण ॲल्युमिनियमला जाडीच्या तिप्पट-चौपट त्रिज्येचा वाक लागतो, म्हणून जबड्यावर गोल कडेचा तुकडा ठेवून वाकवायला हवे होते, आणि रेघ आखायला सुईऐवजी मार्कर पेन वापरायला हवे होते, कारण ॲल्युमिनियमवरचा प्रत्येक ओरखडा हा चिरेची सुरुवात असतो. काही जण साबण चोळून तो काळा पडेपर्यंत पट्टी तापवतात आणि मग वाकवतात. त्याने पट्टी निश्चित वाकते, पण 6061 पूर्ण मऊ झाल्यावर त्याची मर्यादा 276 वरून 55 मेगापास्कलपर्यंत घसरते, आणि तो भाग गाडीचा सर्वांत कमजोर भाग होतो. वेल्डिंगच्या उष्णतेनेही कडेचा भाग असाच मऊ पडतो. त्यामुळे पहिली रेल सरळ ठेवावी, अरुंद करायचे असेल तर क्रॉसमेंबरची लांबी कमी करून किंवा पॅकिंग देऊन करावे, आणि जोड बोल्टचेच ठेवावेत.

लोखंडाला मी वाईट म्हणत नाही. जुन्या जीपसारख्या दिसणाऱ्या, खऱ्या गाडीच्या प्रमाणात बांधलेल्या मॉडेलवर पन्हळी आकाराची लोखंडी रेल फार शोभून दिसते, आणि बाजारातल्या अनेक तयार स्केल क्रॉलरमध्येही ती असते. मात्र 3 मिलिमीटरची पट्टी त्यासाठी विनाकारण जड आहे. 18 गेजचा, म्हणजे 1.2 मिलिमीटरचा, सीआर (थंड लाटलेला) पत्रा प्रेस ब्रेक, म्हणजे पत्रा वाकवण्याचे यंत्र, असलेल्या कारखान्यातून 25 बाय 10 मिलिमीटरच्या पन्हळीत वाकवून घेतला तर एक रेल सुमारे 160 ग्रॅममध्ये होते आणि आडव्या दिशेने ती सपाट पट्टीपेक्षा कितीतरी ताठ असते. लोखंडाचा खरा गुण असा की ते तुटण्याआधी वाकते, आणि वाकलेली रेल दगडापाशीच बसून सरळ करता येते. पावसाळ्यात साताऱ्याच्या पश्चिमेकडे गाडी चालवणार असाल तर आधी प्रायमर आणि मग रंग द्यावा, आणि भोकांच्या कडा विसरू नयेत, कारण गंज तिथूनच सुरू होतो.

ॲक्रिलिक चॅसीसाठी अजिबात वापरू नये. ते ताठ आहे, दिसायलाही सुंदर आहे, पण ठिसूळ आहे आणि त्याची चीर भोकापासूनच सुरू होते. पॉलिकार्बोनेट दिसायला तसेच असूनही फार चिवट असते. मात्र आटे घट्ट धरून ठेवणारा थ्रेडलॉकचा द्रव त्याला लागला की काही दिवसांत स्क्रूभोवती चिरांचे जाळे उमटते, म्हणून पॉलिकार्बोनेट किंवा एबीएस प्लास्टिकमध्ये तो द्रव टाळून नायलॉक नट वापरावा. तुमच्याकडचा ॲक्रिलिकचा तुकडा वाया जाणार नाही, भोकांच्या जागा आखण्याचा साचा म्हणून तो उत्तम आहे, कारण पारदर्शक असल्यामुळे खालचा भाग दिसतो.

ग्लास-इपॉक्सी हा मला फार आवडणारा आणि आपल्याकडे दुर्लक्षित राहिलेला माल आहे. सर्किट बोर्डचा हिरवट पत्रा म्हणजे हेच, 1.6 मिलिमीटरचे दोन पत्रे पृष्ठभाग खरबरीत करून इपॉक्सीने चिकटवले की 3.2 मिलिमीटरची हलकी, चिवट आणि वीज न वाहणारी पट्टी तयार होते. मोटर रिवाइंडिंगच्या दुकानांत हायलम नावाने मिळणारी तपकिरी शीट याच घराण्यातली आहे, पण तिच्यात कागदाचे थर असलेली ठिसूळ असते. कापडाचे थर असलेली असेल तरच घ्यावी. कार्बन फायबर यांहून ताठ आणि हलके आहे, पण पहिल्या चॅसीसाठी ते मी सुचवणार नाही. दगडाच्या टोकाचा मार त्याच्या कडेवर बसला की थर सुटू लागतात, ते वीज वाहत असल्यामुळे सोललेली वायर त्याला लागली तर स्पीड कंट्रोलर जळू शकतो, आणि 2.4 गिगाहर्ट्झच्या लहरी ते अडवत असल्यामुळे रिसीव्हरची अँटेना त्याच्यापासून वर आणि बाहेर काढावी लागते. शिवाय ओलाव्यात कार्बनला थेट टेकलेले ॲल्युमिनियम झिजू लागते. काच असो वा कार्बन, या दोन्ही मालांना कापताना आणि घासताना पाणी मारून ओले ठेवावे आणि चांगला मास्क लावावा. त्यांची धूळ फुप्फुसात जाऊ देऊ नये, याबाबतीत कृपया हयगय करू नका.

स्किड प्लेटविषयी मी थोडे अधिक सांगतो, कारण गाडी अडकते ती बहुधा तिथे. दोन ॲक्सलच्या मधला तळ दगडाच्या माथ्यावर टेकला की चाके हवेत फिरतात किंवा अपुऱ्या भाराने घसरतात, आणि त्या क्षणी तळाला दगडावरून सरकता आले पाहिजे. ॲल्युमिनियम मऊ असल्यामुळे काळ्या कातळाचे खडे त्याच्यात रुततात आणि गाडी जागीच धरून ठेवतात. डेल्रिन, म्हणजे ॲसिटल प्लास्टिक, इथे सर्वांत योग्य आहे: ते गुळगुळीत सरकते, त्याच्यात आटे नीट पडतात आणि ते पाणी जवळजवळ पीत नाही. नायलॉन त्याच्यासारखेच वाटते, पण पूर्ण भिजल्यावर नायलॉन-6 वजनाच्या सुमारे 9 टक्के पाणी शोषते आणि फुगते, त्यामुळे जून ते सप्टेंबरमध्ये नायलॉनचे बुश शाफ्टवर आवळले जातात. डेल्रिनची शीट मिळाली नाही तर स्वयंपाकघरातल्या पांढऱ्या पॉलिथिलीन चॉपिंग बोर्डचा तुकडा कापून लावावा. तो मऊ असतो, पण सरकतो उत्तम आणि वर्षाकाठी बदलायला स्वस्त पडतो. 6 मिलिमीटरची जाडी घ्यावी, पुढची आणि मागची कड साधारण 45 अंशांत उतरती करावी, आणि स्क्रूचे डोके पृष्ठभागापासून निदान 1 मिलिमीटर आत बसवावे, म्हणजे प्लेट झिजल्यावरही ते दगडात अडकत नाही. दगड कोणता आहे यावरही झीज अवलंबून असते. वाईजवळ कृष्णेच्या पात्रातला घासून गुळगुळीत झालेला काळा दगड प्लेटला फारसा त्रास देत नाही, पण पाचगणीकडचा जांभा खरबरीत असतो आणि कानशीसारखा प्लास्टिक खातो. कासच्या पठारावर मात्र गाडी नेण्याचा विचारही करू नये. तिथल्या कातळावरच्या मातीच्या पातळ थरात वनस्पती वाढतात आणि ते क्षेत्र संरक्षित आहे.

थ्रीडी प्रिंटरचा उपयोग मर्यादित पण खरा आहे. पीएलए हे छपाईचे प्लास्टिक 60 अंश सेल्सिअसच्या आसपास मऊ पडते, आणि एप्रिल-मे महिन्यांत सांगलीच्या उन्हात बंद चारचाकीत ठेवलेल्या क्रॉलरमध्ये ते सहज वेडेवाकडे होते. पीईटीजी हे दुसरे प्लास्टिक साधारण 80 अंशांपर्यंत टिकते, म्हणून बॅटरीचा ट्रे, रिसीव्हरचा डबा आणि बॉडीचे खांब त्याचे करावेत. छापताना थर अशा दिशेने ठेवावेत की भार त्यांना एकमेकांपासून ओढणार नाही, कारण छापील भाग बहुधा थरांच्या मधूनच फाटतो. मोटरची प्लेट मात्र छापू नये. 540 आकाराची मोटर सावकाश चढावर बराच वेळ चालली की हाताला चटका बसेल इतकी तापते, आणि 3 मिलिमीटरची ॲल्युमिनियम प्लेट तिला धरून ठेवते तशीच तिची उष्णताही ओढून घेते. या मोटरची एम3, म्हणजे 3 मिलिमीटर स्क्रूची, भोके 25 मिलिमीटर अंतरावर असतात. त्यांपैकी एक भोक कमानीसारखे लांबट ठेवले की गिअरमधले अंतर जुळवता येते.

खालच्या लिंकही दगडाला घासतात, त्यामुळे त्या 6 मिलिमीटर स्टेनलेस सळईच्या कराव्यात आणि वरच्या ॲल्युमिनियमच्या. खालच्या जड लिंकचे वजन खालीच राहत असल्याने तिथे ते उपयोगीच पडते. स्टेनलेसला ड्रिल करताना फिरण्याचा वेग कमी आणि दाब एकसारखा ठेवावा, कारण ड्रिल नुसते घासत राहिले की पृष्ठभाग कठीण होतो आणि मग ते आत शिरत नाही.

भोकांविषयी थोडे काटेकोर राहावे. एम3 चे आटे पाडायला 2.5 मिलिमीटर ड्रिल, आरपार स्क्रूसाठी 3.2 मिलिमीटर. भोकाचा मध्य कडेपासून निदान 6 मिलिमीटर आत असावा. ॲल्युमिनियममध्ये स्क्रूने निदान 4.5 मिलिमीटर आटे धरले पाहिजेत, म्हणजे 3 मिलिमीटरच्या रेलमध्येही नट लावणेच बरे. वजन कमी करण्यासाठी खिडक्या कापल्या तर त्यांचे आतले कोपरे गोल ठेवावेत आणि सर्व कडा बारीक कानशीने साफ कराव्यात. स्क्रू स्टेनलेसचे घेतले तर ते गंजत नाहीत, पण त्यांचे डोके लवकर झिजते, 12.9 प्रतीचे काळे स्क्रू फार कणखर असतात, फक्त प्रत्येक पावसाळी फेरीनंतर त्यांना तेलाचा हात द्यावा लागतो.

धातू कापण्यापूर्वी संपूर्ण चॅसी 3 मिलिमीटर एमडीएफ किंवा सनबोर्डमध्ये एकदा बनवावी, ॲक्सल आणि शॉक त्यावर प्रत्यक्ष बसवावेत आणि पुढचे एक चाक 80 मिलिमीटरच्या ठोकळ्यावर चढवून सर्व्हो (चाके वळवणारी छोटी मोटर), लिंक आणि ड्राइव्ह शाफ्ट कुठे आदळतात ते पाहावे. माझ्या चॅसींपैकी ज्या दोन मला मोडून पुन्हा कराव्या लागल्या, त्यांत माल चांगला होता, पण स्टिअरिंगची लिंक पॅनहार्ड रॉडला, म्हणजे ॲक्सलला आडवे सरकू न देणाऱ्या सळईला, अडत होती. धातूची चॅसी तयार झाल्यावर तिचे मागचे टोक व्हाइसमध्ये धरावे, पुढच्या क्रॉसमेंबरला 100 मिलिमीटर लांब आडवी पट्टी बांधून तिच्या टोकाला 1 किलो वजन टांगावे आणि ते टोक किती खाली जाते ते मोजून लिहून ठेवावे. नंतर एक-एक क्रॉसमेंबर बदलून किंवा स्किड प्लेटला स्क्रू वाढवून हेच माप पुन्हा घ्यावे, म्हणजे तुमच्या चॅसीत पीळ नेमका कुठून येतो आहे ते दिसेल.